शेकोटीपाशी फ्लीस चालत नाही

१२ नोव्हेंबर १९३८ या एका दिवसात भरतपूरच्या पाणथळीत ४,२७३ पक्षी बंदुकीनं पाडले गेले. व्हाइसरॉय लॉर्ड लिनलिथगो यांच्या मानार्थ भरवलेली ती शिकार. तिचा आकडा आजही तिथं दगडावर कोरलेला आहे. खुद्द पक्षितज्ज्ञ सालिम अली यांची पक्ष्यांशी ओळख झाली तीसुद्धा लहानपणी छऱ्याच्या बंदुकीनं पाडलेल्या पिवळ्या गळ्याच्या चिमणीमुळे. पुढे १९७२ चा वन्यजीव संरक्षण कायदा आला, १९९१ च्या दुरुस्तीनं परवाना काढून करायची उरलीसुरली शिकारही बंद झाली आणि हिवाळी पहाटे पाण्याकाठी दबा धरून बसणाऱ्याच्या हातात बंदुकीच्या जागी दुर्बीण आली. बसणं मात्र तेच राहिलं. त्या बसण्यातलं कुडकुडणंही.

हिवाळी शिकारीला जाताना अंगात काय घालावं, लोकर की कृत्रिम धागा, यावर युरोप-अमेरिकेतले शिकारी हिरिरीनं भांडत असतात. आपल्याकडे शिकारच नाही, तेव्हा हा वाद आपला नाही असं कुणालाही वाटेल. निफाड तालुक्यात जानेवारीतली एक पहाट उघड्यावर काढली की मत बदलतं.

नाशिक शहराच्या नोंदीतलं सर्वांत कमी तापमान ०.६ अंश सेल्सिअस, तारीख ७ जानेवारी १९४५. अलीकडे मात्र थंडीची बातमी शहरातून येत नाही, निफाडहून येते. कुंदेवाडीच्या गहू संशोधन केंद्रातला पारा डिसेंबर २०१८ च्या अखेरीस १.८ अंशांपर्यंत उतरला होता. पानांवरचं दव गोठलं होतं. निफाड काही थंड हवेचं ठिकाण नव्हे. त्याची उंची महाबळेश्वरच्या निम्मीही नाही. पण गोदावरी आणि कादवेच्या खोऱ्यातला हा सखल, उघडा मुलूख. आभाळ निरभ्र असलं की दिवसभर तापलेली जमीन रात्री सगळी उष्णता वर सोडून देते, थंड झालेली जड हवा खोलगट भागात साचून राहते आणि त्यात उत्तरेचा वारा सुटला की विचारायलाच नको. हीच जमीन दुपारी पुन्हा अठ्ठावीस-तीस अंशांपर्यंत तापते.

कपड्यांच्या दृष्टीनं ही दुपारच सगळ्यात महत्त्वाची. कॅनडातला हरणाचा शिकारी दिवसभर शून्याच्या आसपास असतो. त्याचा जाडजूड कोट एकदा चढला की संध्याकाळीच उतरतो. निफाडात पहाटे सहाला सात अंश आणि अकरा वाजता पंचवीस. इथं एकच भक्कम कपडा घालून निघालेला माणूस पहाटे सुखी असतो आणि दहानंतर त्याच कपड्याचं ओझं खांद्यावर टाकून फिरतो. इथं थर लागतात, एकेक करून उतरवता येतील असे.

नांदूर मध्यमेश्वर हे त्याचं उत्तम उदाहरण. गोदावरी-कादवेच्या संगमाजवळ ब्रिटिश काळात बंधारा बांधला गेला, गाळ साचत गेला, उथळ पाणी आणि पाणवनस्पतींची दलदल तयार झाली आणि पक्ष्यांनी ती आपली मानली. १९८६ मध्ये अभयारण्य झालं. आंतरराष्ट्रीय महत्त्वाच्या पाणथळींच्या रामसर यादीत आलेली महाराष्ट्रातली ही पहिली जागा. नाशिककर कौतुकानं तिला ‘महाराष्ट्राचं भरतपूर’ म्हणतात. हिवाळ्यात चक्रवाक, तलवार बदक, थापट्या, गढवाल उतरतात, वर दलदली भोवत्या घिरट्या घालत असतो, आणि चापडगावच्या निरीक्षण मनोऱ्याकडे अंधारातच माणसं येऊ लागतात.

ही माणसं येतात कशी, ते बघायला हवं. बरीचशी नाशिकहून मोटरसायकलवर. या प्रवासात वारा जॅकेटच्या चेनमधून, बाह्यांच्या तोंडातून, गळ्यापाशी आत घुसतो. मग गाडी लावून बांधावरून चालत जायचं; पाठीवर कॅमेरा, खांद्यावर तिपाई, लेन्सचं वजन वेगळं. बदकं उठायच्या आत पोचायचं म्हणून पावलं झपाझप पडतात. मनोऱ्यापर्यंत पोचेतो पाठ घामानं भिजलेली. आणि आता दोन तास हलायचं नाही.

शिकाऱ्यांचा सगळा वाद या एका क्षणाभोवती फिरतो. स्वस्थ बसलेलं शरीर साधारण १०० वॅट उष्णता तयार करतं. ओझं घेऊन भरभर चालणारं शरीर त्याच्या चौपट. म्हणजे चालून येऊन बसलं की अंगातली भट्टी एकदम चतकोर जळू लागते, आणि नेमक्या त्याच वेळी अंगावरचा कपडा ओला असतो. कपडा मुळात ऊब देत नाहीच. ऊब शरीर देतं, कपडा हवा अडवून धरतो. स्थिर हवेतून उष्णता फार सावकाश जाते, पाण्यातून तिच्या पंचवीसपट वेगानं. एक ग्रॅम घामाची वाफ व्हायला जितकी उष्णता लागते, तेवढ्यात सहाएक ग्रॅम पाणी बर्फाच्या थंडपणापासून उकळीपर्यंत नेता येईल. ही सगळी उष्णता बसलेल्या माणसाच्या पाठीतून जाते.

पहिला बळी सुती बनियनचा. नाशिकच काय, उभ्या महाराष्ट्रात थंडीच्या कपड्यांचा विचार वरून सुरू होतो: जॅकेट कुठलं, स्वेटर कुठला. आत वर्षाचे बारा महिने असतो तोच बनियन. कापूस घाम मनसोक्त पितो, अंगाला चिकटतो, त्यातल्या हवेच्या पोकळ्या मिटतात आणि तो लवकर वाळत नाही. पाच हजारांचं जॅकेट त्यावर चढवलं तरी आत ओला फडका राहतोच. दुकानांत ‘थर्मल’ म्हणून मिळणारे पांढरे-करडे इनरही अनेकदा निम्म्याहून अधिक सुती असतात. घरात, देवळात, लग्नाच्या मांडवात ते छान. बांधावरून चालत जाऊन बसणाऱ्यासाठी नव्हेत. आतल्या चिठ्ठीवर ‘कॉटन’ किती टक्के लिहिलंय, ते वाचण्याची सवय आपल्याला नाही. ती लावून घ्यायला हवी.

कापूस बाजूला ठेवला की उरतात दोघं.

लोकरीचा तंतू केराटिनचा, म्हणजे आपल्या केसा-नखांच्याच पदार्थाचा. तो सरळ नसतो, नागमोडी असतो, त्यामुळे दोन तंतू एकमेकांना घट्ट बिलगत नाहीत आणि मध्ये हवा राहते. त्याचं बाहेरचं आवरण पाणी झटकतं, पण गाभा बाष्प शोषून घेतो. स्वतःच्या वजनाच्या तीस टक्क्यांपर्यंत बाष्प पोटात घेऊनही लोकर अंगाला ओली लागत नाही. शिवाय बाष्प शोषताना ती थोडी उष्णता सोडते. कोरड्या खोलीतून नदीकाठच्या धुक्यात आलेला लोकरी कपडा सुरुवातीला खरोखरच किंचित गरम होतो. पॉलिस्टरचं उलट. तो जेमतेम ०.४ टक्के ओलावा घेतो. घाम धाग्यात शिरतच नाही, धाग्यांच्या मधून पसरत बाहेरच्या बाजूला येतो आणि उडून जातो. म्हणून पॉलिस्टरचा टी-शर्ट पिळून झटकला की अर्ध्या तासात अंगात घालण्याजोगा होतो. लोकरीचं तसं नाही. एकदा का ती आतपर्यंत भिजली की दिवस जातो. ‘भिजत घोंगडं’ हा वाक्प्रचार कुणा अनुभवी माणसानंच पाडला असणार.

यातून सरळ निघणारा निष्कर्ष असा की चालणाऱ्यानं पॉलिस्टर घालावं आणि बसणाऱ्यानं लोकर. तो ढोबळ आहे, पण चुकीचा नाही.

कळसूबाईचंच बघा. १,६४६ मीटर, महाराष्ट्राचं सर्वोच्च शिखर. सूर्योदय गाठायचा म्हणून शनिवारी मध्यरात्रीनंतर बारी गावातून बॅटऱ्यांची रांग वर चढू लागते. लोखंडी शिड्या येईपर्यंत निम्म्यांनी जॅकेटं काढून कमरेला बांधलेली असतात. माथ्यावर मात्र वारा असा की उभं राहवत नाही, आणि उजाडायला तास-दीड तास बाकी. सुती टी-शर्टवाले देवळाच्या आडोशाला एकमेकांना चिकटून बसलेले दिसतात. इथं पातळ पॉलिस्टरचा इनर, वर चढताना पिशवीत ठेवलेलं पिंजलेल्या पॉलिस्टरचं फ्लीस आणि सगळ्यावर वारा अडवणारं पातळ विंडचीटर हा संच हलका, स्वस्त आणि पुरेसा. मेरिनो लोकरीचा इनर याहून सुखाचा, यात शंका नाही, पण काही हजार रुपये मोजून कॉलेजातल्या पोरानं तो का घ्यावा? काहीशे रुपयांच्या पॉलिस्टरनं त्याचं काम भागतं. घामाचा वास तेवढा राहतो. पॉलिस्टर वास धरून ठेवतो, लोकर तितका धरत नाही. परतीच्या एसटीत शेजारी बसणाऱ्याला हा फरक कुणी समजावून सांगावा लागत नाही.

मनोऱ्यावर बसणाऱ्याचं गणित निराळं. त्याला वजनाची फारशी फिकीर नाही, त्याला स्थिरता हवी. आणि शांतता. नायलॉनचं जॅकेट हात हलवला की सळसळतं. विदेशी शिकारी लोकरीच्या बाजूनं जे मुद्दे मांडतात त्यात हा फार वरचा. जवळच्या पाणकणसात जांभळी पाणकोंबडी बाहेर यावी की नाही याचा विचार करत असताना शेजारच्यानं खिशाची चेन उघडली, की ती यायची नाही हे नक्की. लोकर आणि फ्लीस दोन्ही मुके. बाहेरचा थर मुका हवा, एवढं पाळलं तरी पुरे.

पण निफाडच्या थंडीचा खरा मानकरी पक्षिनिरीक्षक नव्हे. तो हौसेनं येतो आणि दहाला मिसळ खाऊन परत जातो. द्राक्षबागायतदार रात्रभर तिथंच असतो.

ऑक्टोबर छाटणीनंतर घड धरतात, आणि मण्यांची फुगवण चालू असताना कडाक्याची थंडी आली की वेल जणू झोपी जातो. वाढ थांबते, मणी तडकण्याची भीती असते, भुरी टपलेली असते. मग पहाटे बागेत ओळींच्या टोकाला शेकोट्या पेटतात. जुनी काडी, भुसा, पाचट जे मिळेल ते. ज्वाळा नको, धूर आणि ऊब हवी. विहिरीचं पाणी हवेपेक्षा उबदार, म्हणून काही जण पहाटे ठिबक सुरू करतात. त्यात शेतीपंपाची वीज पुष्कळदा रात्रीच्या पाळीची. म्हणजे हा माणूस रात्री दोन-तीनला उठतो, मोटर चालू करतो, पाणी फिरलं का पाहतो, पाय भिजवतो, शेकोटीपाशी येऊन बसतो, पुन्हा उठतो. उसाच्या फडात बिबट्या असण्याची शक्यता, त्यामुळे एका हातात बॅटरी, दुसऱ्यात काठी. अंगावर स्वेटर, त्यावर मुलानं टाकून दिलेलं जॅकेट, डोक्याला कानटोपी किंवा गुंडाळलेला मफलर, आणि वरून शाल नाहीतर घोंगडी.

इथं ओलावा, वारा, थंडी या तिघांत चौथी गोष्ट येते, ती म्हणजे विस्तव. आणि विस्तवापाशी सगळा हिशेब उलटतो.

पॉलिस्टर २५५-२६० अंशांना वितळतो. शेकोटीतून उडालेली ठिणगी त्याच्या कितीतरी वर तापलेली असते. निफाड-दिंडोरीकडच्या कुठल्याही बागेत काम करणाऱ्याच्या फ्लीसच्या बाह्या जवळून पाहाव्यात: ज्वारीच्या दाण्याएवढी भोकं, प्रत्येकाच्या कडेला कडक झालेली काळी-तपकिरी किनार, हात फिरवला तर टोचणारी. तो वितळलेला धागा. तोच धागा कातडीवर टेकला तर चिकटतो, आणि चिकटून भाजत राहतो. ॲक्रिलिक त्याहून वाईट. ते पेटतंच, आणि भरभर पेटतं. लोकर पेट घ्यायला साडेपाचशे-सहाशे अंशांची उष्णता लागते. ठिणगी पडली तर तेवढी जागा करपते, केस जळाल्याचा वास येतो आणि प्रकरण तिथंच संपतं. वितळणं तिला ठाऊकच नाही. धनगर घोंगडं पांघरून जाळाला अंग लावून बसतो तो उगाच नव्हे.

तेव्हा ज्याच्या कामात शेकोटी आहे, त्याचा बाहेरचा थर लोकरीचाच हवा. यात तडजोड नाही. आत पॉलिस्टर असलं तर एकवेळ चालेल, वर नको.

आता अडचण अशी की हा शहाणपणा अमलात आणायला माणूस बाजारात गेला, तर लोकर म्हणून त्याला मिळतं काय?

नाशिकच्या शरणपूर रस्त्यावरचं तिबेटियन मार्केट गावातल्या दोन-तीन पिढ्यांना ठाऊक आहे. १९५९ नंतर भारतात आलेल्या तिबेटी निर्वासितांनी हिवाळ्यात गावोगावी स्वेटर विकण्याचा धंदा उभा केला. माल मुख्यतः लुधियानाचा, बराचसा हंगामाआधी उधारीवर उचललेला. डोंगराळ मुलखातल्या माणसांकडून घेतलेला स्वेटर लोकरीचाच असणार, अशी गिऱ्हाइकाची समजूत असते. विक्रेते फसवतात असं नाही. भाव बघितला तरी कळायला हवं. त्या भावात लोकर येत नाही. आपण ‘वुलन’ म्हणून घेतो ते बहुतेक ॲक्रिलिक असतं, म्हणजे प्लास्टिकचाच एक भाऊबंद, लोकरीसारखा फुगवलेला. ते उबदार असतं, मऊ असतं, मशीनमध्ये धुता येतं. मोटरसायकलवर वारा मात्र त्याच्यातून आरपार जातो, आणि शेकोटीचा प्रश्न आहेच.

ओळखायची रीत सोपी. शिवणीच्या आतून निघालेला एखादा धागा ओढून घ्यायचा, चिमट्यात धरायचा आणि घराबाहेर काडी लावायची. लोकर आळसावून जळते, काडी बाजूला घेतली की विझू पाहते, केस जळाल्यासारखी घाण येते आणि मागे बोटांनी चुरगळणारी काळी राख उरते. ॲक्रिलिक भपकन पेटतं, काळा धूर सोडतं आणि टोकाला न फुटणारा कडक मणी तयार होतो. लेबलावर काहीही लिहिलेलं असो. (दुकानात हा प्रयोग करू नये, हे सांगायला नकोच.)

थंडीत दानशूर मंडळी रस्त्याकडेला झोपलेल्यांवर जी ब्लँकेटं पांघरतात, त्यांचीही अशीच कहाणी. ती बहुधा पानिपतची. पाश्चात्त्य देशांतून येणारे जुने लोकरी स्वेटर-कोट फाडून, पिंजून, पुन्हा कातून तिथं ‘शॉडी’ ब्लँकेट विणलं जाई. दिसायला रुक्ष, हाताला खरखरीत, पण त्यात लोकर असे. आता पानिपतातच मऊ पॉलिस्टर ब्लँकेटचे कारखाने पुढे गेले आहेत. ही ब्लँकेटं हलकी आणि सुंदर दिसतात. पण ती पांघरून रस्त्यावरचा माणूस शेकोटीपाशीच झोपतो, हे वाटणाऱ्यानं लक्षात ठेवलेलं बरं.

मग महाराष्ट्राची स्वतःची लोकर कुठं आहे? आहे, आणि दिवाळीनंतर निफाड-येवला-सिन्नरच्या शिवारातून ती चार पायांवर चालत असते. दख्खनी मेंढी. पावसाळा सरला की धनगरांचे वाडे कळप घेऊन निघतात, रिकाम्या झालेल्या रानात मेंढ्या बसवतात. लेंडीखतासाठी शेतकरी त्यांना धान्य किंवा पैसे देतो. काळ्या, करड्या, तपकिरी अंगाच्या या मेंढ्या वर्षातून दोनदा कातरतात. एका मेंढीची वर्षाची लोकर किलोभरही भरत नाही. ती पिंजून, कातून सनगर आणि खुटेकर धनगर खड्ड्याच्या मागावर घोंगडी विणत आले. सुताला चिंचोक्याची खळ लावायची. त्यामुळे नवं घोंगडं पुठ्ठ्यासारखं ताठ असतं आणि वापरता वापरता अंगासारखं होतं. रंग देत नाहीत. मेंढीचा रंग तोच घोंगड्याचा. सोवळ्याला धाबळी चालते, वारीला घोंगडं चालतं, खंडोबाच्या जागरणात तर ते हवंच.

आणि तरीही या लोकरीला आज भाव नाही. कातरणीची मजुरीही निघत नाही म्हणून कळपवाले ती पुष्कळदा रानातच टाकून देतात, जाळतात. मेंढी आता मांसासाठी पाळली जाते. अंगावर लोकर कमी आणि वजन जास्त असलेल्या माडग्याळसारख्या जातींकडे ओढा आहे. यात त्यांचं काय चुकलं? मेंढ्याला बोकडाच्या पंगतीचा भाव मिळत असताना न खपणाऱ्या लोकरीसाठी कोण थांबेल? २०२५ मध्ये ॲनेसीच्या आंतरराष्ट्रीय ॲनिमेशन महोत्सवात ‘देसी ऊन’ या भारतीय लघुपटाला पारितोषिक मिळालं; त्याचा विषय हीच दख्खनी लोकर. फ्रान्समध्ये टाळ्या पडल्या, पण निफाडच्या आठवडे बाजारात त्यानं लोकरीचा भाव वधारत नाही.

दख्खनी लोकरीची अडचण मान्य करायला हवी. ती टोचते. तंतू साधारण ३० मायक्रॉनपेक्षा जाड झाला की कातडीला बोचू लागतो; मेरिनोचा तंतू १७-१९ मायक्रॉनच्या घरातला, म्हणून तो उघड्या अंगावर घालता येतो. दख्खनीचे बरेच तंतू तिशीच्या पुढचे. तिचा बनियन होणे नाही, आणि तसा हट्टही कुणी धरू नये. पण बाहेरचा थर म्हणून तिच्यासारखी तीच. जाड तंतू झिजत नाही, वाऱ्याला दाद देत नाही, दव वरच्यावर झटकतो, ठिणगीला भीत नाही, आवाज करत नाही. विदेशी शिकारी ज्या जाड लोकरी कोटावर शेकडो डॉलर खर्च करतात, त्याचे झाडून सगळे गुण घोंगड्यात आहेत. नाहीत ते फक्त बाह्या आणि बटणं. घोंगडं वजनानं बहुधा दोन किलोंच्या पुढे आणि सारखं खांद्यावरून घसरणारं. हातात दुर्बीण किंवा फवारणीची नळी असलेल्या माणसाला ते सांभाळता येत नाही. दख्खनी लोकरीच्या कापडाचं साधं, बिनअस्तराचं, समोर बटणांचं जर्किन कुणी शिवलं आणि परवडणाऱ्या भावात निफाड-लासलगावच्या बाजारात ठेवलं, तर बागायतदार घेईल की नाही, हे एकदा करून पाहण्यासारखं आहे. आज घोंगडी शहरात विकली जाते ती दिवाणखान्यात अंथरायला, नाहीतर पाठदुखीवरचा उपाय म्हणून.

कृत्रिम धाग्याच्या बाजूनं बोलणारे म्हणतील की जगानं लोकर सोडली ती काय उगाच? इंग्लंडमध्ये १९४१ साली व्हिनफील्ड आणि डिक्सन यांनी पॉलिस्टरचा धागा शोधला. आपल्याकडे तो टेरीन आणि टेरीकॉट होऊन लग्नाच्या सुटात शिरला. १९७९ मध्ये अमेरिकेतल्या माल्डन मिल्सनं त्याच पॉलिस्टरला पिंजून फ्लीस बनवलं आणि गिर्यारोहकांचे लोकरी स्वेटर कपाटात गेले. हे खरं. पण १९२४ मध्ये एव्हरेस्टवर हरवलेल्या जॉर्ज मॅलरीचं शव १९९९ मध्ये सापडलं, तेव्हा त्याच्या अंगावर रेशीम, सूत आणि लोकरीचे पातळ थर एकावर एक होते, वर गॅबर्डिन. ‘ट्वीडचे कोट घालून एव्हरेस्ट चढायला निघालेले साहेब’ म्हणून त्याची टिंगल होत आली होती. ब्रिटनमधल्या संशोधकांनी त्या कपड्यांची हुबेहूब नक्कल तयार करवली आणि २००६ मध्ये ग्रॅहम हॉयलंड यांनी ती एव्हरेस्टवर घालून पाहिली. हलकी निघाली, हालचालीला मोकळी निघाली, चांगल्या हवेत ऊबही पुरली. मॅलरीच्या कपड्यांत दोष असेलच तर तो रात्र उघड्यावर काढण्यापुरता. म्हणजे थरांची अक्कल फ्लीसच्या आधीपासूनची आहे.

नाशिककरानं मग काय करावं? पक्षी पाहायला जाणाऱ्यानं आत पॉलिस्टरचा किंवा परवडत असेल तर मेरिनोचा पातळ इनर घालावा; मधे खऱ्या लोकरीचा स्वेटर, जुना आजोबांचा असला तरी उत्तम; गाडीवर वारा अडवणारं विंडचीटर, ते गाडी लावल्यावर काढून पिशवीत. बांधावरून चालताना स्वेटरही काढावा. थंडी वाजली तरी काढावा, कारण चालताना किंचित गारठलेला माणूस बसल्यावर कोरडा राहतो. हा नियम विदेशी शिकारी पोटतिडकीनं सांगतात आणि तो आपल्याकडे कुणी पाळत नाही. आया तर मुळीच पाळू देत नाहीत. कोरडा बनियन पिशवीत नेऊन मनोऱ्यावर बदलणं ही दुसरी युक्ती, तिला पैसा लागत नाही. पायांत लोकरी मोजे, कारण बसलेल्या माणसाला थंडी तिथूनच चढते. बागायतदाराला मोज्यांचा उपयोग नाही, त्याचे पाय ओलेच असणार. त्याला गमबूट हवेत आणि वरून लोकर. पेठ-सुरगाण्याहून द्राक्षहंगामाला येणाऱ्या मजुरांच्या अंगावर जे असतं ते निवडलेलं नसतंच, मिळालेलं असतं. जुने कपडे गोळा करणाऱ्या शहरातल्या मंडळांनी निदान फाटका लोकरी स्वेटर चिंध्यांत टाकू नये. रफू करून तो बागेत पाठवावा. नव्या फ्लीसपेक्षा तो तिथं अधिक वर्षं टिकेल.

हंगाम संपल्यावरची निगाही दोघांची वेगळी. लोकरीला कसर लागते. घोंगडं, स्वेटर, मफलर फेब्रुवारीत एक दिवस उन्हात टाकून, झटकून, वाळलेला कडुनिंबाचा पाला घालून ठेवावं लागतं. न धुतलेल्या, घामट लोकरीवर कसर आधी पडते. धुताना गार पाणी, रिठा किंवा सौम्य साबण, पिळायचं नाही, आडवं वाळत घालायचं. नाहीतर आजोबांचा स्वेटर नातवाच्या मापाचा होऊन बसतो. फ्लीसला कसर लागत नाही. ते पाहिजे तेवढ्या वेळा मशीनमध्ये टाका. फक्त प्रत्येक धुण्यात त्यातून बारीक प्लास्टिकचे तंतू सुटतात. २०११ च्या एका अभ्यासात एका कपड्यातून एका धुण्यात १,९०० हून अधिक तंतू निघाल्याची नोंद आहे. नाशिकचं सांडपाणी शेवटी गोदावरीत जातं, आणि गोदावरी खाली नांदूर मध्यमेश्वरच्या बंधाऱ्याला अडते. फ्लीस उन्हात टाकून, वास गेला का पाहून मगच धुवायला काढावं. महिन्यातून एकदा धुतलं तरी पुष्कळ.